चावट आजोबा

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. पाहुणे पांगले होते. फराळाची ताटे अर्धवट राहिली होती आणि घरावर सणाच्या शेवटच्या दिवशी येते तसली सुस्ती आली होती. अण्णा, म्हणजे माझे सासरे, झोपाळ्यावर बसून होते. सासूबाई चैत्रात गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. पोस्टातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ. आता तर मोजायलाही फारसे काही उरले नव्हते.

“सिनेमा लावू या,” चिरंजीव म्हणाले आणि टीव्हीवर नावे वाचू लागले. त्यात रॉबर्ट डी नीरो हे नाव आले मात्र, मी ताठ बसलो.

या माणसावर माझी भक्ती आहे. दरवर्षी नववीच्या वर्गात मेहनत या विषयावर बोलताना मी त्याचीच गोष्ट सांगतो. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ या १९७६ सालच्या चित्रपटासाठी त्याने परवाना काढून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खरोखरच टॅक्सी चालवली. त्याआधी, १९७४ साली, ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात मार्लन ब्रँडोने गाजवलेल्या पात्राचे तारुण्य त्याने रंगवले, आणि तेही बहुतांशी सिसिलीच्या बोलीत. त्याबद्दल त्याला ऑस्कर मिळाले. आणि १९८० सालच्या ‘रेजिंग बुल’साठी, मुष्टियोद्ध्याचे उतारवय दाखवायचे म्हणून, या पठ्ठ्याने सुमारे सत्तावीस किलो वजन वाढवले! पोटाला उशी बांधून भागले असते. हा ‘सत्तावीस किलो’चा आकडा माझ्या विद्यार्थ्यांना पानिपतच्या सनावळीपेक्षा पक्का पाठ असतो.

“पण नाव काय सिनेमाचं?” हिने विचारले.

नाव होते ‘डर्टी ग्रँडपा’. २०१६ सालचा चित्रपट. हिने भुवया वर केल्या. मी म्हणालो, “अगं, नावावर जाऊ नये. आजोबा आहेत ना त्यात? मग कौटुंबिकच असणार.” पहिल्या शब्दाकडे मी शिक्षक असूनही दुर्लक्ष केले!

सुरुवात बरी झाली. म्हाताऱ्याची बायको वारली आहे. अंत्यविधी आटोपला आहे. नातू वकील आहे, त्याचे लग्न अगदी तोंडावर आले आहे, आणि आजोबा त्याला गळ घालतात की मला मोटारीने फ्लॉरिडाला सोड. मी अण्णांकडे मान वळवून “पाहा आता” असे म्हणालोसुद्धा. पुढच्या काही मिनिटांत आजोबांनी जे दाखवले आणि ऐकवले, ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाही. पुढे समुद्रकिनारा, सुट्टीवर आलेली कॉलेजची पोरेपोरी, दारू, आणि बहात्तरीतल्या त्या नटाच्या तोंडी एकामागून एक शिव्या. हिला एकाएकी दूध उतू गेल्याचा भास झाला. चिरंजीवांनी मोबाइलमध्ये डोके खुपसले. मी बंद करायला उठलो, तर अण्णा म्हणाले, “राहू दे.” चष्मा सरसावून ते खालची अक्षरे वाचत होते.

मी काही सोवळा माणूस नव्हे. जत्रेतल्या सोंगाड्याचे चावट बोलणे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पण त्या बोलण्याला दोन पदर असत. वरचा पदर पोरांना, आतला जाणत्यांना. इथे एकच पदर, आणि तोही फेडलेला. विनोद या नटाला वर्ज्य आहे असेही नाही. १९८८ सालच्या ‘मिडनाइट रन’मध्ये किंवा २००० सालच्या ‘मीट द पेरेंट्स’मध्ये तो नुसता गप्प राहून बघतो आणि आपण हसतो. इथे गंमत एकच : एवढा मोठा नट बघा काय बोलतो! म्हणजे पन्नास वर्षांची कमाई सुट्या नाण्यांत मोडून खायची. मला त्याहून लागले ते हे, की तो अंग चोरत नव्हता. पाट्या टाकल्या असत्या तर मी पोटापाण्याचा धंदा म्हणून सोडून दिले असते. मीसुद्धा परीक्षेची मार्गदर्शके लिहितोच की! पण शिवीसुद्धा तो मनापासून देत होता. सत्तावीस किलोची ती मेहनत आता या हमालीला लागली होती.

सिनेमा संपला. मी खाली मान घालून म्हणालो, “चुकलंच माझं, अण्णा.”

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बोलेना का वाटेल ते. पण बायको गेल्यावर पहिल्या दिवशी चहा किती कपांचा टाकला त्यानं, ते नाही दाखवलं.”

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत राहिली. चैत्रापासून आश्विन सरून कार्तिक लागला होता, आणि आम्ही कोणी त्यांना असे काही विचारले नव्हते. त्यांचे औषध, त्यांचा पेपर, त्यांची पेन्शन, सगळे वेळेवर. माझ्या कादंबऱ्यांतले म्हातारे तरी काय करतात? खोकतात, मृत्युपत्र लिहितात आणि आठव्या प्रकरणात सोयीस्करपणे मरतात.

डी नीरोने पुढे माझी लाज राखली. २०१९ साली ‘द आयरिशमन’मध्ये त्याने एकाकी म्हातारपण असे दाखवले की मी दोन दिवस गप्प होतो. २०२३ सालच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’बद्दल ऐंशीच्या घरात त्याला पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. तेव्हा नववीतला माझा पाठ चालू राहायला हरकत नाही. फक्त पोरांपैकी कोणी तो दुसरा सिनेमा पाहिलेला नसावा, एवढीच धास्ती असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर आले आणि नातवाला म्हणाले, “काय रे, मला मोटारीनं एका ठिकाणी सोडशील?”

मी दचकलोच. हिने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

“कुठं आजोबा? फ्लॉरिडाला?”

“तुझ्या आजीच्या माहेरी. नदीकाठी तिचा एक चिंचेचा झाड आहे, म्हणायची. पस्तीस वर्षं ‘बघू’ म्हणत राहिलो.”

चिरंजीव किल्ली आणायला गेले. पेट्रोलचे पैसे कोणी द्यायचे यावर फाटकापर्यंत दोघांचे भांडण चालले होते, आणि त्यात अण्णांनी नातवाला एक सणसणीत शिवी दिलेली मी माझ्या कानांनी ऐकली.