दीड हात भिंत आणि दोनशेचं नेट

तुमच्या घरात मेश वायफायचे तीन-तीन पांढरे डबे लावलेले आहेत, मोबाइलवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, आणि तरीही व्हिडिओ कॉल आला की तुम्ही फोन घेऊन ओसरीवर पळता? मग हे तुमच्यासाठी आहे. नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं सगळं लागू पडणार नाही, पण निम्मं तरी नक्की पडेल.

मी झाशीत राहते, खंडेराव गेटजवळ. पुण्याच्या ऑफिसातले लोक हमखास विचारतात, "झाशीत मराठी माणसं कशी?" मग मी तेच सांगते जे आजीने मला सांगितलं. १७४२ च्या सुमारास नारो शंकर इथे मराठ्यांचे सुभेदार म्हणून आले, त्यांनी किल्ला वाढवला आणि दक्षिणेतून कुटुंबं आणून वसवली. पुढे नेवाळकर आले. राणी लक्ष्मीबाईंचं लग्न १८४२ मध्ये इथल्याच गणेश मंदिरात लागलं. आम्ही त्या वसवलेल्यांच्या मागून आलेले, साधे लोक. आमची मराठी अर्धी हिंदी झाली आहे, गच्चीला आम्ही छतच म्हणतो. घर मात्र अजून जुनंच आहे: दगड-चुन्याच्या भिंती, मधे चौक, वर एक माडी. भिंतींची जाडी दीड हात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा या भिंतींना आम्ही दुवा देतो. वायफायच्या बाबतीत त्याच भिंती वैरीण.

मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजीत बीए केलं आणि तेव्हापासून माडीवर बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी लिहिते. गंमत म्हणजे, "घरचं वायफाय वेगवान करण्याचे उपाय" अशा थाटाचे लेख मी स्वतः तीनदा लिहिले आहेत. त्या सगळ्यांत पहिलं वाक्य ठरलेलं: राउटर घराच्या मधोमध ठेवा. आमच्या घराच्या मधोमध तुळशीवृंदावन आहे.

मागच्या उन्हाळ्यात हे प्रकरण चेष्टेचं राहिलं नाही. एप्रिलपासून माझे कॉल तुटायला लागले. एकदा क्लायंटसमोर दोन मिनिटं मी तोंड उघडं ठेवून गोठलेली होते म्हणे. मॅनेजर चांगल्या आहेत, पण त्यांनीही विचारलं, "पुण्याला शिफ्ट व्हायचा विचार करशील का?" घरात आई आणि एक्याऐंशी वर्षांची आजी, भाऊ बेंगळुरूला. म्हणजे प्रश्न साधा नव्हता.

आणि आजीचा गुरुवार. ग्वाल्हेरला तिची धाकटी बहीण असते, तिला ऐकू जवळजवळ येत नाही. ती ओठ वाचते. दोघी दर गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओवर बोलतात. चित्र थांबलं की आपल्यासाठी नुसता आवाज तरी उरतो, त्या दोघींसाठी काहीच उरत नाही. आजी तेवढा वेळ फोन हातात धरून बसून राहायची, पलीकडून हाक यायची, "ताई, काय म्हणालीस?"

नेट कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. "मॅडम, लाइन तो क्लियर है." मला राग आला होता, पण त्याच्या बाजूने बघाल तर तो खोटं बोलत नव्हता. त्याची लाइन बैठकीत संपते. पुढचं घर आपलं.

म्हणून एका रविवारी मी वही घेऊन बसले. तुम्हालाही हेच सांगीन: नवा डबा विकत घेण्याआधी मोजा, आणि सुरुवात दाराकडून करा. लॅपटॉप वायरने थेट कंपनीच्या डब्याला जोडला. आमचा प्लॅन दोनशे एमबीपीएसचा; आले १९२. छान. मग तीच वायर आमच्या मेशच्या पहिल्या डब्याला लावली. आले ९४.

हा ९४ आकडा लक्षात ठेवा. स्पीड टेस्टला पुन्हा पुन्हा ९३-९४-९५ च्याच आसपास येत असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर बहुतेक वेळा कुठलीतरी वायर किंवा पोर्ट शंभरावर अडकलेलं असतं. नेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरचा वेग चार तारांवर चालतो, हजारच्या वेगाला आठही लागतात. एखादी तार आत तुटली किंवा पिन गंजली की दोन्हीकडचे डबे काही न बोलता शंभरावर समेट करतात. दिवा हिरवाच असतो. काही स्वस्त मेश संचांमध्ये पोर्टच शंभरचं असतं, तेव्हा खोक्यावरचे बारीक आकडे वाचून घ्या. आमच्याकडे दोष दोन डब्यांमधल्या वीतभर जुन्या केबलचा निघाला. ती बदलली, १९० झाले. (आणि मॅच डाउनलोड होताना "फक्त चोवीसच येतंय" असं कोणी ओरडलं तर त्यांना सांगा, ते मेगाबाइट आहेत. आठाने गुणा.)

पण माडीवर अजून अकराच.

इथे मेशची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी मी तीन लेख लिहूनही नीट सांगितली गेली नव्हती, कारण क्लायंटला ती नको असते. फोनवरच्या काड्या तुमचा फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं नातं दाखवतात. तो जवळचा डबा आणि बैठकीतला पहिला डबा यांचं आपसात कसं चाललंय, ते काड्या सांगत नाहीत. माझा डबा टेबलावर हातभर अंतरावर होता, म्हणून काड्या भरलेल्या. त्याच्याकडेच नेट पोचत नव्हतं, तो मला काय देणार? शिवाय साधे, दोन बँडवाले डबे ज्या लहरीवर नेट घेतात त्याच लहरीवर पुढे देतात. एकाच हाताने घागर घ्यायची, त्याच हाताने पुढे द्यायची. त्यामुळे हवेतल्या प्रत्येक उडीला वेग साधारण निम्मा होतो. बैठकीतून आजीच्या खोलीत एक उडी, तिथून माडीवर दुसरी. म्हणून अशा घरात चौथा डबा विकत घेणं म्हणजे रांगेत अजून एक माणूस उभा करणं.

भिंतीचं म्हणाल तर वायफायच्या दोन लहरी आपल्या ओळखीच्या आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटर लांब, भिंतीतून थोडीफार जाते, पण हळू आणि गर्दीची. शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झची जवळपास निम्म्या लांबीची, वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकते. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना खुला झाला तो २०१८ मध्ये, आणि मेशचे डबे आपसात बोलायला जमेल तिथे हाच पट्टा वापरतात. दीड हात दगडातून तो पार होत नाही. मग आमच्या घरात तो जात कुठून होता? दारं-खिडक्यांतून. वारा जातो तसाच. बैठकीचं दार, चौक, आजीच्या खोलीची चौकाकडची खिडकी: मार्चपर्यंत सगळं याच वाटेने नीट चाललं होतं.

आणि एप्रिलमध्ये त्या खिडकीत काय येतं, हे उत्तर भारतात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. कूलर. मोठा, पत्र्याचा, तिन्ही बाजूंनी ओली गवताची जाळी, पोटात पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. खिडकीच्या मापाचा याहून पक्का अडसर मुद्दाम बनवायचा म्हटलं तरी जमला नसता.

मी खात्री करून घेतली. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, आईच्या मदतीने कूलर बाजूला सरकवला. आजीच्या खोलीत ३८ होते, ते ९० च्या पुढे गेले. परत लावला, पुन्हा ३८. तुमच्याकडे कूलर नसेल तर लोखंडी कपाट बघा, मोठा आरसा बघा, माशांची टाकी बघा. डबा टीव्हीच्या मागे लपवलेला असेल तर तो आधी बाहेर काढा. दिसायला बरं दिसत नाही, पण तो शोभेसाठी आणलेला नाही.

आता एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मे महिन्यात कूलर हवा की कॉल, असं विचारायचं का? म्हणजे उरला एकच मार्ग, दोन डब्यांमध्ये वायर. मेशला वायर जोडता येते हे पुष्कळांना माहीत नसतं. वायरने जोडलं की मधल्या उड्याच जातात आणि भिंत कितीही जाड असली तरी फरक पडत नाही. शंभर मीटरपर्यंत ही केबल आरामात चालते, आम्हाला तीसच पुरणार होती.

पण न्यायची कुठून? उघड्या चौकातून न्यावी तर ऊन, पाऊस आणि माकडं. झाशीची माकडं पाइपसकट वायर ओढतात. छपराखालून जाणारी एकच वाट होती, चौकाच्या उजव्या हाताची बंद पडवी. ती वाटणीत काकांकडे गेली. दोन्ही टोकांच्या दारांना अठरा वर्षं कुलूप आहे, आणि आमच्या घरातलं बोलणं गणपतीपुरतं. कारण विचाराल तर ही पडवीच.

आई म्हणाली, "भाऊजींना काही विचारायचं नाही." मी गप्प बसले. आजीने दोन दिवस काही म्हटलं नाही, तिसऱ्या दिवशी चौकात खुर्ची टाकून बसली आणि काका बाहेरून आले तशी म्हणाली, "अरे, तुझ्या पडवीतून एक वायर न्यायची आहे. पोरीचं काम अडलंय. आणि माझं पण."

काका बराच वेळ चप्पल काढत राहिले. मग मला विचारलं, "किती मीटर?"

काका रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालेले. मी केबल दाखवली तर त्यांनी टोक सोलून चाकूने खरवडलं. आत रुपेरी निघालं. "हे ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा. परत कर. निखळ तांब्याची आण, कॅट सिक्स." मी सदर बाजारात जाऊन आणली, महाग पडली. ड्रिल लागलंच नाही; दोन्ही दारांच्या वर झरोके होते, त्यांच्या जाळीतून वायर काढली. टोकांना प्लग काकांनी स्वतः बसवले, तारांचे आठ रंग क्रमाने पुटपुटत, चष्मा कपाळावर. एक प्लग फुकट गेला, तेव्हा त्यांनी रेल्वेच्या नव्या पोरांना दोन शिव्या घातल्या, ज्यांचा यात काही संबंध नव्हता. चारच्या सुमारास आईने चहा पाठवला. चार कप, म्हणजे काकूंचाही.

आजीच्या खोलीतला डबा वायरवर आला तसे तिथे १८५ झाले. माडी अजून हवेवरच आहे, पण आता एकच उडी आणि मधे फक्त लाकडी पाट्यांची जमीन. ७० ते ८० मिळतात. माझ्या कामाला वीसही पुरतात. पुण्याचा विषय मॅनेजरनी पुन्हा काढलेला नाही.

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर तो तुमच्याच मेशशी भांडत राहतो. आणि घरात फिरताना फोन कधीकधी मागच्या डब्याला चिकटून बसतो. फोनचं वायफाय एकदा बंद-चालू केलं की सोडतो.

काकूंना पडवीत सिग्नल येतो हे पहिल्याच आठवड्यात कळलं. आजीने मला न विचारता पासवर्ड देऊन टाकला, तेव्हा मी त्यांच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं. रात्री नऊला त्यांची मालिका सुरू झाली की माझ्या आकड्यात दहा-बाराचा फरक दिसतो. आई मला रोज विचारते, "सुरू झाली का तिची?"

गुरुवारचा कॉल आता पाऊण तास चालतो. मागच्या वेळी मधेच बत्ती गेली. बैठकीतले डबे इन्व्हर्टरवर आहेत, आजीच्या खोलीतला नाही, तेव्हा तो गेला आणि मावशीआजी तिकडे "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. इन्व्हर्टरची लाइन आत ओढायला काका तयार आहेत, पण म्हणतात, पावसाळा सुरू व्हायच्या आत, आणि सामान ते सांगतील तेच.