अब्बांचा कोट आणि ६६ चा आकडा

आमच्या घरात एक काळा कोट आहे. खरे तर तो काळा नाही, गर्द निळा आहे. उन्हात धरला की कळते. अमेरिकन नौदलाच्या खलाशांचा हा जाड लोकरीचा कोट. त्याला पीकोट म्हणतात. जाड्याभरड्या लोकरी कापडाला डच भाषेत जो शब्द होता, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी जानेवारीच्या पहाटेही एका चादरीत भागते. तिथे हा कोट वर्षानुवर्षे पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या सोबतीने पडून होता.

अब्बा बोटीवर होते. आमच्या भागात एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही. खलाशी, सुकाणी, टंडेल, सारंग या पायऱ्या मोहल्ल्यातले कुणी ना कुणी चढलेले असते. कोटाची हकीकत घरात सर्वांना पाठ होती. १९६१ साली, पहिल्याच सफरीत, अब्बा न्यूयॉर्कच्या धक्क्यावर थंडीने कुडकुडत उभे होते. एका अमेरिकन खलाशाने ते पाहिले, अंगातला कोट काढला आणि अब्बांच्या खांद्यावर घातला. ईदला पाहुणे आले की शिरखुर्म्याबरोबर ही हकीकत ठरलेली. आम्हा नवरा-बायकोपैकी एकाने ती मुलगा म्हणून ऐकली, दुसरीने सून म्हणून.

नोकरीनिमित्त आम्ही न्यू जर्सीला आलो, तेव्हा अब्बांनी ट्रंक उघडून कोट आमच्या हाती दिला. "तिकडे कामाला येईल," म्हणाले. आला. वजन दोन किलोच्या आसपास. पहिल्या दिवशी खांदे अवघडले; पण कॉलर उभी केली, बटणे लावली आणि उभ्या कापाच्या खिशांत हात घातले की नदीवरून येणारा वारा आत शिरत नाही. छातीवर कापडाचे दोन पदर येतात. डेकवर उभे राहून काम करणाऱ्या माणसासाठीच तो बेतलेला आहे.

त्या कोटाने आम्हाला नाद लावला. रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात जायचे, असा कोट दिसला की उलटून पाहायचा. हळूहळू वय ओळखता येऊ लागले. बटणांवर नांगराभोवती १३ तारे असतील तर कोट जुन्या पिढीतला. नंतरच्या बटणांवर दोराने वेढलेला नांगर तेवढा राहिला. महायुद्धाच्या काळातल्या कोटांत नौदलाच्या स्वतःच्या कपडे कारखान्याची पट्टी सापडते. खिशाला आतून कॉर्डरॉय लावलेले असेल तर तीही एक खूण. कित्येक कोटांत आतल्या बाजूला खलाशाचे नाव छापलेले असते. ते वाचताना दर वेळी वाटते की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता डोकावतो आहोत.

सर्वांत सोपी खूण साठच्या दशकानंतरच्या कोटांची. अमेरिकी सैन्यासाठी सामान खरेदी करणारे एक खाते १९६१ साली स्थापन झाले. त्याची इंग्रजी आद्याक्षरे डी.एस.ए. पट्टीवर ही अक्षरे, पुढे १०० आणि त्यापुढे दोन आकडे असतात. ते दोन आकडे म्हणजे कंत्राटाचे साल. १९७७ साली खात्याचे नाव बदलले आणि अक्षरे डी.एल.ए. झाली. एवढे कळले की पट्टी पाहून कोटाचे साल सांगता येते. २०१८ पासून नव्या भरतीच्या खलाशांना पीकोटाऐवजी कृत्रिम धाग्याचा पार्का मिळू लागला. तेव्हापासून आमचा उत्साह आणखी वाढला. बघता बघता कपाटात सात कोट झाले.

घरच्या कोटाची पट्टी मात्र आम्ही कधी पाहिली नव्हती. गरजच काय होती? साल तर पाठ होते.

गेल्या वर्षी अस्तर उसवले म्हणून कोट शिवायला काढला. दुमडीत दबलेली पट्टी बाहेर आली. डी.एस.ए. १००, पुढे ६६. आम्ही एकमेकांकडे पाहिले. १९६६ चे कंत्राट असलेला कोट १९६१ साली कुणाच्या खांद्यावर येणार कसा?

पट्टी पुन्हा आत शिवून गप्प बसावे, असेच आधी वाटले. अब्बांनी ऐंशी ओलांडली आहेत. या वयात त्यांना उलटतपासणीला का उभे करायचे? पण त्याच आठवड्यात आमच्या मुलाला शाळेत घरातल्या एका जुन्या वस्तूबद्दल बोलायचे होते. त्याने दादाजानचा कोटच निवडला होता आणि १९६१ हे साल वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलेही होते. जे खरे नाही हे आम्हाला कळले आहे, ते त्याला वर्गात उभे राहून सांगू द्यायचे का? दोन रात्री आम्ही यावरच बोलत होतो. शेवटी फोन लावला.

अब्बांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बेटा, तो कोट मी विकत घेतला. अडुसष्टच्या हिवाळ्यात. बंदराजवळ लष्कराचे जुने कपडे विकणारे दुकान होते. त्या वर्षी तुझ्या फुफीचे लग्न होते, पगार घरी पाठवला होता. नवा कोट घेण्याइतके पैसे हातात नव्हते. आता गावात येऊन काय सांगू? कुणाची उतरण घालतो म्हणून? भेट म्हटले की मान राहतो. एकदा सांगितले, मग तेच सांगत राहिलो."

आम्हाला काय बोलावे सुचेना. आमच्या कपाटात सात उतरलेले कोट होते आणि ते जुने आहेत म्हणूनच आम्ही ते कौतुकाने दाखवत होतो. जे अब्बांनी आयुष्यभर झाकले, ते आमच्या हौसेचे झाले होते. फरक एवढाच, की त्यांच्याकडे दुसरा कोट नव्हता.

आम्ही म्हणालो, "अब्बा, पगार बहिणीच्या लग्नाला दिला आणि स्वतः जुना कोट घातला, यात लपवण्यासारखे काय आहे? ही हकीकत तर त्या हकीकतीपेक्षा मोठी आहे."

"तुम्हाला आज वाटते," अब्बा म्हणाले. मग विचारले, "सात कोट कशाला? पाठ तर एकच असते माणसाला."

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. थंडी सुरू होताच पाच कोट आम्ही ब्रश मारून, उन्हे दाखवून, गरजूंना गरम कपडे वाटणाऱ्यांकडे दिले. एक महायुद्धातला, तेरा ताऱ्यांच्या बटणांचा, देताना हात थोडा अडखळला, हे कबूल करतो. पण तो कोट ऊब देण्यासाठी शिवला होता. राहिले दोन. त्यातला एक अब्बांचा.

मुलाने वहीतले साल खोडून १९६८ लिहिले. वर्गात जायच्या आदल्या रात्री त्याने फोनवर दादाजानना सगळे वाचून दाखवले: बंदर, दुकान, फुफीचे लग्न. अब्बांनी मध्ये एकदाच थांबवले.

"थंडी फार होती," म्हणाले, "तेही लिही."