ओडिसियसची रोजनिशी

प्रवासवर्णन हे बहुधा परतलेल्या माणसाचे वाङ्मय असते. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्याकरिता १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले, बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा आतून पाहून परत आले. परंतु 'माझा प्रवास' लिहावयास बसले ते सुमारे दोन तपांनंतर. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली छापला. भटजींच्या हकिकतीतील गोडी पुष्कळशी या विलंबाचीच आहे, असे मला वाटत आले आहे. होमरचा ओडिसियसही आपली सफर जागच्या जागी टिपून ठेवीत नाही. सारे सोबती गमावल्यावर, अल्किनोअस राजाच्या पंक्तीस बसून, तो ती सांगतो. एकडोळ्या राक्षस, सर्सी, सायरेन ही सगळी मंडळी त्या चार सर्गांतलीच.

सांगण्याऐवजी त्याने रोज रात्री लिहिले असते तर? हा प्रश्न मी एकदा वर्गाला घातला आणि आजच्या प्रवाशासारखी त्याची रोजनिशी लिहून आणावयास सांगितली. बहुतेकांनी सूर्यास्त आणि खाद्यपदार्थ यांची वर्णने आणली. त्यांना दोष देत नाही, हल्लीची प्रवासवर्णने तशीच असतात. (टिम सेव्हरिनने १९८५ साली जुन्या धर्तीच्या वल्ह्यांच्या नौकेतून ट्रॉय ते इथाका हा मार्ग प्रत्यक्ष आक्रमिला, त्याने शोधले तेही किनारेच.) एक वही मात्र निराळी निघाली. तो मुलगा शिरवळचा, वडील ट्रकवर चालक. पुण्याकडून येताना नीरेचा पूल ओलांडला की घर आले, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. वडील गाडीत एक वही ठेवीत: मुक्काम, डिझेल, बरोबर कोण. त्याचा ओडिसियस त्याच चालीने लिहीत होता. गलबते बारा. माणसे इतकी. पॉलिफीमसच्या गुहेच्या रात्री राक्षसाच्या डोळ्याविषयी एक अक्षर नाही. केवळ सहा नावे.

त्यांतील पाच त्याने स्वतः योजिली होती. सहावे, अँटिफस, होमरचे. ओडिसियस स्वतः त्या सहांपैकी एकाचेही नाव घेत नाही. राक्षसाने कोणाला कसे उचलले ते तो चवीने सांगतो, आणि पंक्तीतल्या यजमानांना तरी नावांशी काय कर्तव्य? अँटिफसचे नाव येते ते दुसऱ्या सर्गात, इथाकेच्या सभेत. वयाने वाकलेला एजिप्टियस बोलावयास उठतो तो मुलाच्या आठवणीने डोळे पुसत. मुलगा गुहेत मेला हे कवी आपल्याला सांगतो; म्हाताऱ्याला कोणी सांगितलेले नाही. त्याचे आणखी दोन मुलगे शेती पाहतात. चौथा, युरिनोमस, पेनेलोपीच्या मागणीदारांत बसलेला असतो, आणि बाविसाव्या सर्गात त्या दालनातून एकही मागणीदार जिवंत सुटत नाही. राजा घरी आला, त्या घरचा दुसरा मुलगाही गेला. विलंबाची गोडी मी अजूनही मानतो. पण ज्या हकिकतीत ही नावे गळतात तिचे कौतुक करताना हल्ली जीभ अडखळते.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर इथाकेस पोहोचल्याची तारीख घातली आहे. खाली एवढेच: "एजिप्टियसकडे निरोप द्यावयाचा राहिला आहे." पुढची पाने कोरी होती.