भाजे, लोहगड, कार्ले : दोन दिवस, एक रात्र

सहल म्हटली की आपल्या वस्तीत चैत्यभूमी, दीक्षाभूमी, भीमा कोरेगाव ही नावे पुढे येतात. ती यायलाच हवीत. पण डोंगर चढायचा, तंबू ठोकून एक रात्र काढायची आणि सकाळी पुन्हा चालायला लागायचे, हे आपल्यातल्या फार थोड्यांनी केले असेल. "ती कॉलेजच्या पोरांची नाहीतर पैसेवाल्यांची हौस," असे म्हणून आपण विषय संपवतो. आम्हीही आजवर तेच म्हणत होतो. गेल्या २५ डिसेंबरला मात्र आम्ही चार घरांतली अकरा माणसे निघालो. त्यांत दुसरीतल्या मुलीपासून सत्तरीच्या आबांपर्यंत सगळे होते. आबांनी उभी हयात दगडाच्या खाणीत काढली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे या प्रवासाचे खरे वाटाडे तेच ठरले.

तारीखही मुद्दाम निवडली होती. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला झाली. म्हणजे दीक्षेच्या आधी मूर्ती आली. सकाळी लवकर तिथे वंदना घेतली, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. देहूरोड आणि मळवली एकाच लोकलच्या वाटेवर आहेत. एका बाजूला बाबासाहेबांनी बसवलेली मूर्ती, दुसऱ्या बाजूला दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, आणि मध्ये काही स्टेशने. इतकी वर्षे याच गाडीने कामावर जात होतो, पण हे कधी डोक्यात आले नव्हते.

मळवलीहून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव चालत गाठता येते. पायऱ्या चढून वर गेलो आणि सगळे गप्प झाले. समोर चैत्यगृहाची मोठी कमान. भाजे येथे २२ लेणी आहेत. त्यांतले चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. आतले अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत, कारण लाकडी घर बांधण्याची सवय कारागिरांच्या हातात होती आणि तीच त्यांनी दगडात उतरवली. छताला लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या अजून आहेत.

आमच्या धाकट्याने विचारले, "मूर्ती कुठंय? सकाळी तर होती." त्याला सांगितले, "बाळा, त्या काळी तथागतांची मूर्ती करत नसत. स्तूपालाच वंदन करत." शेजारी एका ओळीत, काही आत आणि काही उघड्यावर, चौदा लहान स्तूप आहेत. काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. डोंगरात राहून गेलेल्या वडीलधाऱ्या भिक्खूंच्या त्या खुणा. आम्ही ओळीने हात जोडले.

तेवढ्यात शेजारी आलेल्या एका मंडळीतला गृहस्थ आपल्या मुलांना सांगत होता, "हे सगळं पांडवांनी एका रात्रीत खोदलं." आमच्या पोरांनीही ते ऐकले. धाकटा आबांकडे बघून म्हणाला, "आबा, खरं?"

आबा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. छिन्नीचे तिरके घाव बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "पोरा, हा काळा फत्तर हाय. ह्यातला हातभर दगड काढायला माणसाचा जीव निघतो. एका रात्रीत काय हुतंय? हितं पिढ्या राबल्यात." मग त्यांनी पोरांना एक गोष्ट दाखवली, जी आम्हालाही ठाऊक नव्हती. लेणे वरून खाली खोदतात. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. म्हणजे परात बांधावी लागत नाही, खालच्या दगडावर उभे राहूनच काम होते. "पण घाव चुकला तर दुरुस्ती न्हाई. भिंत पडली तर पुन्हा बांधता येती. हितं गेलं ते गेलं."

आम्ही विचार करत राहिलो. "एका रात्रीत" हे दोन शब्द किती सहज बोलले जातात! पण त्या दोन शब्दांनी किती माणसांचे कष्ट पुसले जातात. ज्यांनी छिन्नी धरली तेही पुसले जातात आणि ज्यांच्यासाठी खोदले तेही.

विहारांमध्ये दगडाचे ओटे आहेत, भिक्खूंनी निजायचे. बाहेर कातळात पाण्याची टाकी. टाक्याला शिलालेखांत 'पोढी' म्हणतात, आणि इथल्या एका टाक्यावर ते कोणी दान दिले त्याचे नाव कोरलेले आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी थांबत, तो वर्षावास. एरवी ते चालत राहत. खाली कोकणातल्या बंदरांतून घाट चढून वर येणारी व्यापाराची वाट होती, त्यामुळे वाटसरू होते आणि दानही होते. तंबू आणि पाठपिशवी घेऊन डोंगरात राहायला जाणे ही नवी हौस आहे असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात आपल्या धम्माची ती फार जुनी रीत निघाली.

दुपारी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन गायमुख खिंडीकडे निघालो. चढ दमवणारा आहे, पण अवघड नाही. डिसेंबरात गवत पिवळे पडलेले असते, ऊन सोसवते. आबा पोरांच्या आधी खिंडीत पोचले. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. ऊन उतरताना लोहगडवाडीत आलो.

इथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. मुक्कामासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे, या विचाराने आमच्या आईच्या मनात धाकधूक होती. तिने लहानपणी आपल्या गावात ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायले आहे. "आडनाव विचारलं तर?" ती वाटेत दोनदा म्हणाली. आम्ही तिला म्हटले, "विचारलं तर सांगायचं. लपवायचं नाही." एका घरासमोर अंगण मोठे होते. घरच्या मावशींनी आधी कळशीभर पाणी आणि तांब्या आणून ठेवला, मग विचारले, "कुठनं आलासा? किती जणं?" पुढे काही विचारले नाही. आईने तांब्या उचलला, स्वतःच्या हाताने पाणी घेतले आणि प्यायली. कोणी काही बोलले नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते एवढ्याचसाठी. सगळीकडे अशी मावशी भेटेल असे आम्ही म्हणणार नाही. पण भेटली, ते लिहायला हवे.

भाड्याने आणलेले दोन तंबू अंगणात लावले, बायका आणि लहान मुले घरात निजली. मावशींनी पिठले-भाकरी केली, तिचे ठरलेले पैसे दिले. रात्री थंडी चांगलीच झोंबली. पोरांना शेकोटी हवी होती, पण सुकलेल्या गवताच्या दिवसांत एक ठिणगी डोंगर पेटवते. म्हणून चुलीपाशीच बसलो. आकाशात इतके तारे असतात, हे आमच्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिले.

पहाटे गड चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे एकामागून एक लागतात. हा गड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशाच्या यादीत आला. विंचूकाट्याच्या टोकावरून पवनेचे पाणी, तुंग आणि तिकोना दिसतात. आबांचे लक्ष मात्र तटाच्या दगडांच्या सांध्यांकडे होते.

उतरून मळवली ओलांडली आणि दुपारी कार्ल्याला गेलो. पायऱ्यांवर एकवीरा आईच्या भक्तांची गर्दी होती. मंदिर लेण्याच्या दारातच आहे. डाव्या हाताला उंच सिंहस्तंभ. आत चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फुटांच्या आसपास रुंद व उंच, ३७ खांब, आणि स्तूपावर लाकडी छत्र. देशातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे.

आमच्या एका घरची मुलगी धम्मलिपीच्या वर्गाला जाते. तिने दाराजवळच्या लेखांची माहिती वहीत उतरवून आणली होती. वैजयंतीच्या भूतपाल शेठचे नाव आहे, धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, भिक्खुणींची दाने आहेत. मग ती थांबली आणि म्हणाली, "काका, हे तुमच्यासाठी. धेनुकाकटाचा 'वढकि' सामी, त्यानं दार केलं." वढकि म्हणजे सुतार. विदर्भात अजूनही सुताराला वाढई म्हणतात, तोच शब्द.

काका फर्निचरच्या कामावर रोजंदारीने जातात. त्यांनी केलेली दारे, कपाटे किती घरांत असतील, पण त्यांचे नाव कोठेच नाही. ते बराच वेळ त्या दारापाशी उभे राहिले. आबा धाकट्याला म्हणाले, "बघ, पांडवाचं नाव हाय का कुठं? सुताराचं हाय." एवढे बोलून ते पायऱ्या उतरू लागले.

वाचकहो, जाणाऱ्यांसाठी थोडे. भाजे आणि कार्ले ही संरक्षित लेणी आहेत. तिकीट लागते, पंधरा वर्षांखालील मुलांना माफ आहे. आत मुक्काम करता येत नाही, सूर्यास्ताआधी बाहेर पडावे. लोकलला दुपारी मोठा खंड असतो, वेळापत्रक पाहून निघावे. पावसाळ्यातल्या रविवारी गर्दी फार आणि दगड निसरडे, लहान मुले असतील तर थंडीतच जावे. पाणी, विजेरी, स्वेटर आणि जुनी चादर एवढे सामान पुरते. महागडे बूट नसले तरी चालते, पण चप्पल नको.

आणखी एक, आपल्याच माणसांसाठी. लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका, काजळीने दगड खराब होतो. भिंतीवर काही लिहू नका, 'जय भीम'सुद्धा नाही. आपल्या पूर्वजांनी लिहिलेले तिथे आहे, ते वाचायला शिकू या. वंदना शांतपणे घ्या आणि कचरा पिशवीत घालून खाली आणा.

परतीच्या लोकलमध्ये धाकटा आबांच्या मांडीवर झोपला. झोपण्याआधी त्याने विचारले, "आबा, तुम्ही फोडलेल्या दगडाचं काय झालं?" आबा म्हणाले, "रस्ते झाले. त्याच रस्त्यानं तू शाळेत जातोस."

नमो बुद्धाय! जय भीम!