खालचा सांधा

घराची डागडुजी काढली, म्हणजे घरच्या मंडळींचा स्वभाव बाहेर पडतो असें म्हणतात. आमच्याकडे मात्र आधीं वासच बाहेर पडला.

वाशीमचें आमचें घर तसें जुनें. यंदा न्हाणीघर व शौचकूप नवीं करण्याचें ठरलें, तेव्हां फरशी निळसर असावी कीं पांढरी, यावर घरांत दोन दिवस वाद रंगला. फरशीखालीं काय आहे, हा प्रश्न कोणासही सुचला नाहीं. वास्तविक गेलीं दोन वर्षें पावसाळा लागला कीं तेथें दुर्गंधी सुटे. आम्हीं तिचा दोष मोलकरणीच्या आळसावर ढकलला, फिनेलच्या बाटल्या रित्या केल्या, आणि एकदां तर शेजाऱ्यांनाही चार शब्द ऐकविले.

मिस्त्रीनें जुनें भांडें उचललें, वांकून पाहिलें आणि म्हणाला, "काकाजी, भांडं चांगलं आहे. खालचा सांधा फुटेल आहे."

भांड्याखालच्या वांकड्या नळींत थोडें पाणी नेहमीं साचून राहतें, आणि तेंच गटारांतील दुर्गंधीला घरांत येऊं देत नाहीं. या वांकड्या नळीचें पेटंट अलेक्झांडर कमिंग नांवाच्या लंडनच्या घड्याळजीनें १७७५ सालीं घेतलें होतें. आमच्या घरचें तें पाणी आपली चौकी इमानानें राखीत होतें. पण फूट पडली होती तिच्या पलीकडे, खापरी नळाच्या सिमेंटच्या सांध्यांत. वऱ्हाडची काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. दरसालच्या या ओढाताणींत सिमेंटला लवतां येत नाहीं, तें तुटतें. मोलकरीण निर्दोष, शेजारी निर्दोष. अपराधी आमच्याच पायांखालीं होता!

सांध्यावर सिमेंटचा लेप द्यावा, अशी आम्हीं काटकसरी सूचना केली. मिस्त्रीनें ती मानली नाहीं. जुन्या नळाचें व नव्या प्लास्टिकच्या नळाचें माप जुळेना. म्हणून बाहेरच्या चेंबरपर्यंतचा सारा नळच बदलावा लागला. खालीं वाळूचा थर, चाळीस फुटांस एक फूट उतार, आणि माती हलली तरी सांभाळून घेणारे रबरी कड्यांचे सांधे.

जुना नळ उकरतांना खापऱ्यांचे तुकडे आंत अडकले. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा उघडा हात खांद्यापर्यंत आंत घालूं लागला. आम्ही दारांत नाकाला रुमाल लावून उभे होतों.

आमचें गांव म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म, असें पाहुण्यांस आम्ही अभिमानानें सांगतों. दीड हजार वर्षांपूर्वींच्या राजांचीं नांवें आम्हांस पाठ आहेत. पण आमच्या लहानपणीं मागल्या बोळांतून, खालच्या छोट्या दारापाशीं, रोज सकाळीं टोपली घेऊन एक बाई येई. तिचें नांव आम्हांस कधींच ठाऊक नव्हतें. ती प्रथा बंद करण्यासाठीं १९९३ सालीं कायदा झाला, २०१३ सालीं आणखी कडक झाला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांची तसबीर आमच्या बैठकींत आहे. त्यांनीं जन्मभर खराटा हातीं धरला. आम्हीं त्यांच्या तसबिरीला हार घातला.

"थांब," आम्ही म्हणालों.

"कायले, काकाजी? सवय आहे आपल्याले," पोरगा हंसला.

दुकानांतून रबरी हातमोजे आणावयास अवघीं पंधरा मिनिटें लागलीं. त्याची सवय त्यानें सांगितली. आमची सवय आम्हीं कोणास सांगावी? रुमाल खिशांत गेला. सायंकाळीं नव्या नळांतून बादलीभर पाणी सोडलें, तें खळखळत चेंबरांत उतरलें आणि सांधा कोरडा राहिला. मग पोरग्याला साबण दिला, घरच्याच कपांत चहा दिला, आणि त्याचें नांव विचारलें.

फरशी अखेर पांढरीच बसली. निळसर कीं पांढरी, याचा वाद त्यानंतर कोणी काढला नाहीं.