शेवटचं निळं

मोतीबिंदू वाढत गेला तसा निळा रंग मला मळकट दिसू लागला. माझं तर सगळं काम निळ्यावर. साखर कारखान्यातल्या वाफेच्या डुप्लेक्स पंपाचा स्लाइड व्हॉल्व्ह बसवायचा म्हणजे निळं लावून घासायचं, डाग पडेल तिथलं स्क्रेपरने काढायचं, पुन्हा निळं.

डाग दाट आणि सारखे पडले की झालं, असं मी आयुष्यभर धरून चाललो. पण निळं एवढंच सांगतं की दोन तोंडं, म्हणजे फेस, जुळली. ती सपाट आहेत, हे ते सांगत नाही. एकीचा फुगवटा दुसरीच्या खोलगटात बसला तरी डाग सुरेख उमटतात. सपाटी तपासायलाच सरफेस प्लेट असते. ती आणायला मी उठत नसे. मला डोळ्याचा गर्व होता. चेस्ट, म्हणजे व्हॉल्व्हवरची वाफेची पेटी, उघडली की फेसवरची माझी स्क्रेपरची नक्षी सगळ्यांनी बघावी, असंही वाटायचं.

एमरी लावून व्हॉल्व्ह सीटवरच घासणाऱ्यांना मी कधी फिटर मानलं नाही. एमरीचे कण बिडात रुततात आणि पुढे फेस खातच राहतात. इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला हाच वाद मांडला होता: एमरी नको, स्क्रेपर हवा. "वाफेचा दाबच बसवील की," असं म्हणणारेही भेटतात. सहा बाय चार इंचांच्या पाठीवर शंभर पौंडांची वाफ म्हणजे हिशेबाने २४०० पौंड. त्याने पीळ सरळ होत नाही, झीज मात्र वाढते.

हंगामाआधी हाताखालच्या पोराने विचारलं, "मिस्त्री, मधोमध ठेवूनच का घासता?" त्याने व्हॉल्व्ह स्ट्रोकच्या टोकाला सरकवून घासला. निळं दोनच कोपऱ्यांवर आलं, तेही तिरक्या. फेसला पीळ होता. मधोमध जुळणारा माझा व्हॉल्व्ह सरकला की उघडा पडत होता, आणि सरकण्यापलीकडे त्याला दुसरं काम नाही. डुप्लेक्सच्या व्हॉल्व्हला लॅप, म्हणजे वाफेचं भोक झाकून वर उरणारी कडही नसते. कडेला केसाएवढी फट राहिली तरी वाफ थेट एक्झॉस्टला जाते. असे किती व्हॉल्व्ह मी नक्षी काढून झाकले असतील, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

सकाळी सरफेस प्लेट मी स्वतः उचलून आणली. नक्षी सगळी खरवडली.

आता चेस्ट झाकण्याआधी शेवटचं निळं तो पोरगा वाचतो. स्क्रेपर माझ्या हातात असतो.