जुन्या थैलीचे नवे वाचन

आमच्या सीमाभागातील जुन्या घरांतून मोडी कागदांचे एखादे गाठोडे हटकून सापडते. खरेदीखते, पेढीचे हिशेब, देवस्थानच्या जमिनींची टिपणे असे काहीबाही त्यात असते. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते. नसतो तो वाचणारा. कोणी जाणता भेटून मोडीचे बाळबोध करून देईल, तेव्हा कुठे शेताची चतुःसीमा कळते. संगणकातील धनाचीही हीच गत होते, हे आम्हांस निपाणीतील आमच्या एका आप्तांच्या घरी दिसून आले.

त्यांचा मुलगा बेळगावास अभियांत्रिकी शिकत असता, २०१३ च्या सुमारास, बिटकॉइन नामक आभासी चलनाच्या नादी लागला होता. २०२१ साली तो अकाली गेला. मातोश्रींनी त्याचा लॅपटॉप कपाटात जपून ठेवला होता. त्यात ‘वॉलेट डॉट डॅट’ नावाची एक फाइल निघाली.

वॉलेट म्हणजे पैशांची थैली. परंतु या थैलीत नाणे एकही नसते. साऱ्या व्यवहारांची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवरील एका सामाईक वहीत असते. ती वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. थैलीत असतात त्या केवळ गुप्त किल्ल्या. ज्याच्यापाशी किल्ली, त्याची रक्कम. किल्ली हरपली तर वारसाचा दाखला त्या वहीपुढे चालत नाही.

कोणी सुचविले की, फाइल आणि सांकेतिक शब्द अमुक माणसाकडे पाठवा, तो निम्म्या हिश्श्यावर काम करील. परक्याच्या हाती घराची किल्ली देण्याचाच हा प्रकार! आम्ही प्रथम फाइलीच्या दोन प्रती काढल्या, मूळ फाइल बाजूस ठेवली आणि एका प्रतीवर काम आरंभले.

नव्या ‘बिटकॉइन कोअर’ने ती उघडण्यास साफ नकार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये निघालेल्या तिसाव्या आवृत्तीपासून जुन्या ‘बर्कले डीबी’ घडणीच्या थैल्या तेथे थेट उघडत नाहीत. मात्र त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘मायग्रेट वॉलेट’ अशी सोय आहे. ती जुनी थैली वाचते, मूळची प्रत राखून ठेवते आणि किल्ल्या नव्या घडणीत उतरविते. मोडीचे बाळबोध करणे ते हेच!

परंतु थैलीस कुलूप होते, आणि सांकेतिक शब्दावाचून कोणताही वाचक तेथे हतबल. तो शब्द अखेर मुलाच्या कॉलेजातील वहीच्या शेवटच्या पानावर, त्याच्याच अक्षरात मिळाला. पुढे ६०० गिगाबाइटांहून मोठी ती सामाईक वही उतरवून तपासण्यात कित्येक दिवस गेले. रक्कम निघाली ती बेताचीच. मात्र पैसे जमा करण्याच्या एका पत्त्यास त्याने ‘आक्काचे लग्न’ असे नाव दिले होते. मातोश्रींनी आकडा विचारला नाही. ते नाव पुन्हा एकदा वाचावयास सांगितले.

सर्वांचेच दैव असे अनुकूल नसते. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २०१३ साली एका गृहस्थाची अशीच किल्ली असलेली डिस्क कचऱ्यात गेली. ती शोधण्यासाठी त्याने मांडलेला दावा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

देवळाच्या भांडाराची किल्ली एकाच्याच कनवटीस ठेवू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांना उमगले होते. मग घरच्या भांडाराविषयी आपण इतके निश्चिंत का असावे? फाइल कोठे आहे, ती कोणत्या सॉफ्टवेअरची आणि कोणत्या साली केलेली, हे एका कागदावर लिहावे. सांकेतिक शब्द निराळ्या कागदावर, निराळ्या जागी ठेवावा. दोन्ही जागा घरातील एका विश्वासू माणसास सांगून ठेवाव्यात. नवी आवृत्ती आली की जुनी फाइल वेळीच तीत उतरवून घ्यावी. मोडी जाणणारा आज गाव पालथा घातल्यावर एखादा भेटतो. विसरलेला सांकेतिक शब्द मात्र गेलेल्या माणसाबरोबरच जातो.